पत्ते पिसण्याचा अभ्यास

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दी व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा चिटणीसांची अपेक्षा साहजिकच अशी असणार की, हा मराठीचा प्राध्यापक आहे, तेव्हा संतवाङ्मय, नवकविता, किंवा गेला बाजार बडोद्याची वाङ्मयीन परंपरा, यांपैकी एखाद्या विषयावर बोलेल. मी विषय कळवला तेव्हा त्यांनी दूरध्वनी करून दोनदा विचारले, "पत्ते? म्हणजे खेळायचे पत्ते?" मी होय म्हणालो. त्यांनी मोठ्या मनाने तो विषय मान्य केला, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो.

या विषयाचे या वास्तूशी एक नाते आहे, ते आधी सांगतो. आमच्या घरी पत्त्यांना बंदी होती. बडोद्यात राहणाऱ्यांना हे सांगायला नको की, श्रावणात सातम-आठमचे दिवस आले की घराघरांतून, ओट्याओट्यांवर पत्त्यांचे डाव रंगतात आणि त्यांतले सगळेच काही बदाम-सातचे नसतात. आमच्या आजोबांनी अशाच डावांत बरेच काही घालवले होते. त्यामुळे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पत्त्यांचा कॅट कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. मात्र ते या ग्रंथालयाचे नित्याचे वाचक होते आणि मला बोट धरून इथे आणत. ते वर्तमानपत्रे वाचत असताना मी कपाटांपुढून हिंडत असे. तिथेच, मी नऊ-दहा वर्षांचा असताना, हातचलाखीचे एक जुने मराठी पुस्तक माझ्या हाती लागले. जे घरात आणता येत नव्हते, त्याच्याविषयी ग्रंथालयात बसून वाचता येत होते. ग्रंथालय म्हणजे काय, याची माझ्यापुरती व्याख्या त्या दिवशी झाली.

पुढे शिक्षण, नोकरी, संसार यांत ते सारे मागे पडले. चाळिशीच्या सुमारास आई अंथरुणाला खिळली. अण्णा तोवर गेले होते. रात्री तिच्या उशाशी जागावे लागे. दिवा मंद ठेवायचा, म्हणून वाचन होत नसे. त्याच सुमारास अमेरिकेत राहणाऱ्या भाच्याने, माझ्या लहानपणची आवड कोणाकडून तरी ऐकून, कागदी पत्त्यांचे दोन कॅट आणि एक इंग्रजी पुस्तक आणून दिले. त्या पुस्तकातले एक प्रकरण फॅरो नावाच्या पिसणीवर होते. ही पिसणी जवळजवळ आवाज न करता होते, एवढ्या एकाच कारणासाठी मी ती निवडली. आईची झोप मोडू नये, इतकाच माझा हेतू होता.

आता ही पिसणी म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आपण नेहमी पत्ते पिसतो ते एका हातातल्या गड्डीतून दुसऱ्या हाताने थोडे थोडे पत्ते काढून वर टाकत. क्लबात रमी खेळणारे कॅटाचे दोन भाग करून, त्यांची टोके अंगठ्यांनी उचलून फर्रर्र असा आवाज करीत एकमेकांत सोडतात. फॅरो पिसणीत कॅट बरोबर मधोमध काटायचा, २६ आणि २६. मग दोन्ही गड्ड्यांच्या कडा एकमेकींना भिडवायच्या आणि हलक्या दाबाने त्या अशा गुंफायच्या की डावीकडचा एक, उजवीकडचा एक, पुन्हा डावीकडचा एक, असे बावन्नही पत्ते एकाआड एक विणले जावेत. एकही जोडपत्ता नाही, एकही अपवाद नाही. इंग्लंडातले जादूगार हिला विणीची पिसणी म्हणतात, आणि मला ते नाव अधिक आवडते.

फॅरो हे नाव मूळचे एका जुगाराचे. फ्रान्समधून निघालेला हा खेळ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या जुगारअड्ड्यांत फार चालत असे. त्या खेळाचे पत्ते वाटणारे लोक ही पिसणी वापरीत. १८९४ साली जॉन नेव्हिल मास्केलाइन या इंग्रज जादूगाराने पत्त्यांतील लबाड्या उघड करणारे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात फॅरो वाटणाऱ्यांच्या पिसणीचे वर्णन आहे. म्हणजे या विद्येचा जन्म सज्जनांच्या घरी झालेला नाही, हे मान्य केले पाहिजे. अण्णांचा विरोध निराधार नव्हता.

आपल्याकडची पत्त्यांची परंपरा वेगळी. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाचे बारा पत्ते, असे १२० पत्ते. हाताने रंगवलेले, लाखेचा लेप दिलेले आणि गोल. गोल पत्त्याला कोपरा नसतो आणि लाखेचा पत्ता लवत नाही. त्यामुळे गंजिफा पालथी पसरून हातांनी कालवावी लागते, तिची वीण घालता येत नाही. विणीला पातळ, लवचीक कागदाचा चौकोनी पत्ताच हवा.

असा एक पत्ता साधारण ०.३ मिलीमीटर जाडीचा असतो. बावन्न पत्त्यांची गड्डी जेमतेम दीड सेंटिमीटर भरते. त्यातला सव्विसावा आणि सत्ताविसावा यांच्यामधली फट केवळ नजरेने आणि अंगठ्याच्या स्पर्शाने शोधायची, हे पहिले काम. दुसरे काम त्या ०.३ मिलीमीटरच्या कडा एकाआड एक बसवण्याचे. पुस्तकात लिहिले होते की, गड्ड्यांच्या कडा एकदा चौरस झाल्या आणि पहिला पत्ता नेमका बसला की बाकीचे आपोआप गुंफले जातात. हे खरे आहे. पण त्या 'आपोआप'ला मला दीड वर्ष लागले.

पहिले तीन महिने मला काहीही जमले नाही. दहा-बारा पत्ते बसत, मग चार-चार पत्त्यांचे गठ्ठे एकदम आत जात. मी जोर लावी, तेव्हा कडा दुमडत. पावसाळा सुरू झाला. बडोद्याच्या दमट हवेत कागद फुगला आणि पत्ते एकमेकांना चिकटू लागले. पत्ते तांदळाच्या डब्यात ठेवून पाहिले. मग एका रात्री लक्षात आले की, गड्डी उलटी धरली, म्हणजे चित्रांची बाजू वर केली, की वीण अधिक सहज बसते. याचे कारण पुढे कळले. कारखान्यात पत्ते कापताना पाते एका बाजूने आत शिरते, त्यामुळे प्रत्येक पत्त्याच्या कडेला एक अतिसूक्ष्म उतार येतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण कडेला कड भिडली की हाताला कळतो. ज्या दिशेला उतार, त्या दिशेने विणायला घेतले तर पत्ते वाट देतात. उलट दिशेने घेतले तर अडतात. कॅट बदलला की ही दिशाही बदलू शकते. मी तीन महिने जोर वाढवत होतो, आणि चूक दिशेची होती.

दुसरी गोष्ट मला एका वहीने शिकवली. प्राध्यापकाची सवय म्हणून मी प्रयत्नांची नोंद ठेवू लागलो. आधी केवळ 'जमले' किंवा 'चुकले' एवढेच लिहीत असे. पानेच्या पाने 'चुकले'ने भरली आणि त्यांतून काही कळेना. मग मी चुकीचा प्रकार लिहू लागलो. काटताना २५ किंवा २७ पत्ते आले, ही एक चूक. आरंभीचा पत्ता घसरला, ही दुसरी. मध्येच दोन पत्ते जोडीने गेले, ही तिसरी. महिनाभराने वही चाळली तर दिसले की माझ्या निम्म्याहून अधिक चुका पहिल्या प्रकारच्या होत्या. म्हणजे मी विणण्याचा सराव करीत होतो आणि माझा दोष काटण्यात होता. तेव्हा विणणे सोडून मी महिनाभर नुसता कॅट काटत बसलो. काटायचे, मोजायचे, पुन्हा काटायचे. त्यानंतर हात मोकळा झाला.

आई अधूनमधून जागी होई आणि अंधारात माझे हे उद्योग पाहत असे. पत्त्यांविषयी ती कधी काही बोलली नव्हती. घरातली बंदी अण्णांची होती, तिची नव्हती, हे मला तेव्हा कळले. एका रात्री ती म्हणाली, "अरे, नुसता पिसतच बसणार आहेस, की कधी वाटणारही आहेस?" मी हसलो आणि तिच्या पांघरुणावर बदाम-सातचा डाव मांडला. आम्ही मायलेक आयुष्यात पहिल्यांदाच पत्ते खेळलो. ती जिंकली.

मित्रहो, आता या पिसणीमागचे गणित थोडक्यात सांगतो, कारण त्यातली मौज सांगितल्यावाचून राहवत नाही. वीण दोन प्रकारे घालता येते. सर्वांत वरचा पत्ता वरच राहिला तर ती बाहेरची वीण. तो दुसऱ्या स्थानी गेला तर ती आतली. ही नावे १९५० च्या दशकात अॅलेक्स एल्म्स्ली या स्कॉटिश जादूगाराने रूढ केली. तो व्यवसायाने संगणकतज्ज्ञ होता.

घरी गेल्यावर आठच पत्ते घेऊन पाहा. एक ते आठ क्रमाने लावा. चार-चार असे काटून बाहेरची वीण घाला, म्हणजे एक, पाच, दोन, सहा, तीन, सात, चार, आठ असा क्रम होईल. पुन्हा तसेच केले की एक, तीन, पाच, सात, दोन, चार, सहा, आठ. तिसऱ्यांदा केले की मूळचा एक ते आठ हा क्रम परत येतो. बावन्न पत्त्यांच्या पूर्ण कॅटाला यासाठी आठ वेळा बाहेरची वीण घालावी लागते. सात वेळा पिसूनही कॅट मूळ क्रमात आलेला नसतो, आणि आठव्या वेळी इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, सारे आपापल्या जागी येऊन बसतात. आतली वीण घातली तर मात्र तोच क्रम परत यायला बावन्न वेळा पिसावे लागते.

बावन्न पत्ते एकूण किती क्रमांनी लावता येतील, हा आपल्या भास्कराचार्यांच्या जातीचा प्रश्न आहे. 'लीलावती'चा शेवट अंकपाश या प्रकरणाने होतो. दिलेल्या अंकांपासून किती संख्या होतील, हे तिथे शिकवले आहे. त्याच रीतीने बावन्न पत्त्यांचे उत्तर काढले तर ६८ अंकी संख्या येते. एवढ्या क्रमांच्या अरण्यातून अचूक हात आठ पावलांत घरी परततो.

पण याहून मोठी मौज पुढे आहे. पर्सी डायकॉनिस हा चौदाव्या वर्षी घर सोडून डाय व्हर्नन या थोर जादूगाराबरोबर भटकायला गेलेला मुलगा. तो पुढे नामवंत गणिती झाला. रोनाल्ड ग्रॅहॅम आणि विल्यम कँटर यांच्यासह त्याने १९८३ साली अचूक पिसणीच्या गणितावर निबंध लिहिला. १९९२ साली डेव्ह बेयर याच्यासह त्याने दुसरा प्रश्न सोडवला: क्लबातल्या सामान्य माणसाने, आपल्या ढोबळ हाताने, किती वेळा पिसले म्हणजे पत्ते पुरेसे मिसळतात? उत्तर आले, सुमारे सात वेळा. या दोन आकड्यांकडे जरा पाहा. चुकणारा हात सात वेळा पिसतो आणि पत्ते खरोखर मिसळतात. न चुकणारा हात आठ वेळा पिसतो आणि काहीच मिसळलेले नसते. पत्ते मिसळतात ते माणसाच्या चुकीमुळे.

एल्म्स्लीने शोधलेली आणखी एक गोष्ट मराठीच्या प्राध्यापकाला घरची वाटली. वरचा पत्ता हव्या त्या स्थानी न्यायचा असेल तर काय करावे? समजा, त्याच्यावर दहा पत्ते हवेत. दहा ही संख्या केवळ एक आणि शून्य वापरून लिहायची, ती एक-शून्य-एक-शून्य अशी होते. एक म्हणजे आतली वीण, शून्य म्हणजे बाहेरची. आत, बाहेर, आत, बाहेर, असे चारदा पिसले की तो पत्ता बरोबर दहा पत्त्यांखाली जातो. हे वाचताच मला पिंगलाचे छंदःशास्त्र आठवले. दोन हजार वर्षांहून जुन्या त्या परंपरेत 'नष्ट' नावाची रीत आहे. प्रस्तारातला अमुक क्रमांकाचा गण कोणता, हे मांडणी न करता काढायचे. संख्या सम असेल तर लघू लिहून तिची निम्मी करायची. विषम असेल तर गुरू लिहून, एक मिळवून निम्मी करायची. पाचवा त्र्यक्षरी गण घ्या. पाच विषम, म्हणून गुरू. सहाचे निम्मे तीन, तेही विषम, पुन्हा गुरू. चाराचे निम्मे दोन, सम, म्हणून लघू. गुरू, गुरू, लघू, म्हणजे तगण. वर्षानुवर्षे मी वर्गात गण शिकवीत आलो होतो. तोच सम-विषमाचा आणि निम्मे करण्याचा खेळ स्कॉटलंडच्या एका माणसाने पत्त्यांत खेळलेला पाहून मला अतिशय आनंद झाला.

इथवर मी कुतूहलाच्या गोष्टी सांगितल्या. आता ज्यासाठी हा विषय निवडला, ते सांगतो. ते सांगणे मला सोपे नाही.

आईच्या आजारपणाच्या दोन वर्षे आधीची गोष्ट. माझ्या वर्गात एक विद्यार्थिनी होती, घरची गुजराती. मराठी साहित्याच्या ओढीने तिने हा विषय घेतला होता. आपण जाणतोच की गुजराती लिपीला शिरोरेषा नाही. तिचा हात त्या लिपीत घडलेला. परीक्षेत ती सगळे उत्तर आधी रेघांशिवाय लिही आणि शेवटी वेळ उरला तर रेघा ओढी. वेळ बहुधा उरत नसे. चहा तिच्या लेखी स्त्रीलिंगी होता, कारण तिच्या भाषेत तो तसाच आहे. तिच्या उत्तरपत्रिका तांबड्या शाईने भरून जात. एकदा अशीच एक उत्तरपत्रिका सगळ्या वर्गापुढे उंच धरून मी म्हणालो, "ज्याला अक्षरावर साधी रेघ ओढता येत नाही, त्याने मराठी साहित्याच्या वाटेला जाऊ नये." वर्ग हसला. मला माझ्या वाक्याचे कौतुक वाटले. पुढच्या आठवड्यापासून ती दिसली नाही. तिने विषय बदलल्याचे नंतर कळले, आणि मी ते विसरूनही गेलो.

ते आठवले ते आईच्या उशाशी, पत्त्यांची वही चाळताना. पानावर पान 'चुकले', 'चुकले', 'चुकले'. कोणी येऊन त्या वेळी मला म्हणाले असते की, ज्याला दोन गड्ड्या एकमेकींत घालता येत नाहीत त्याने पत्त्यांच्या वाटेला जाऊ नये, तर मी तो कॅट बासनात बांधून ठेवला असता. माझे नशीब असे की मला पाहायला फक्त आई होती. पंधरा-सोळा वर्षे शिकवून मी एक गोष्ट साफ विसरलो होतो: न येणे म्हणजे काय असते. जे आपल्याला येते, ते आपल्याला कधी येत नव्हते याची आठवण शिक्षकाला राहत नाही. आपले मराठी आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळाले, आणि त्याचे श्रेय मात्र आपण बुद्धीला देतो. त्या मुलीच्या चुकांमध्ये एक नियम होता. तिच्या हाताची दिशा वेगळी होती. मी दिशा पाहिली नाही, जोर वाढवला.

त्यानंतर मी उत्तरपत्रिका तपासण्याची रीत बदलली. तांबडी रेघ ओढून सोडून देण्याऐवजी समासात चुकीचा प्रकार लिहू लागलो: ही लिपीची, ही लिंगाची, ही विचाराची. पहिल्या दोन सरावाने जातात. तिसरीसाठी पुन्हा वाचावे लागते. बहुतेकांच्या चुका तीन-चार प्रकारांत संपतात, हे विद्यार्थ्याला कळले की त्याच्या मनावरचे ओझे निम्मे होते. यात फार मोठे काही केले असे मी म्हणत नाही. हे मला पंधरा वर्षे आधीच सुचायला हवे होते.

बडोद्यासारख्या शहरात अभ्यासाचे महत्त्व बाहेरून येऊन कोणी सांगायला नको. १८८६ साली मौलाबक्षांनी इथे गायनशाळा सुरू केली. उस्ताद फैयाजखाँसाहेब याच शहरात राहिले. प्रा. माणिकरावांच्या आखाड्याचे नाव देशभर होते. रियाज आणि मेहनत हे शब्द इथल्या हवेत आहेत. पण आपण रियाजाविषयी बोलतो तेव्हा तासांचा हिशेब सांगतो. माझा अनुभव असा की रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोजची दहा मिनिटे अधिक उपयोगी पडतात, आणि त्या दहा मिनिटांतही हात सैल असावा लागतो. पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यासाठी तीन अटी सांगितल्या आहेत: तो दीर्घकाळ चालला पाहिजे, त्यात खंड पडता कामा नये, आणि तो आदराने केला पाहिजे. पहिल्या दोन अटी सर्वांना पाठ असतात. तिसरी आपण विसरतो. आदर कशाचा? मला वाटते, वस्तूचा आणि तिच्या स्वभावाचा. कागदाला उतार आहे, पावसात तो फुगतो, हे मान्य करण्याचा. आणि शिकवणारा असेल तर, समोरच्याच्या हाताचा.

एक आक्षेप उरतो. ही शेवटी फसवणुकीचीच विद्या नव्हे काय? पत्ते पिसल्याचे दाखवायचे आणि क्रम मात्र आपल्या मुठीत ठेवायचा. जुगाऱ्याने हे केले तर ती चोरी आहे, यात शंका नाही. जादूगारही फसवतो, पण तो आधी सांगून फसवतो, आणि प्रेक्षक स्वखुशीने फसायला बसतात. तोच हात, तीच वीण. फरक एवढाच की समोरच्याशी आपला करार काय आहे. भाषेचेही तसेच आहे. अलंकार हाही आधी सांगून केलेला एक आभासच असतो. कवी तो आनंदासाठी वापरतो, आणि मी तोच एका मुलीला वर्गातून उठवण्यासाठी वापरला. तेव्हा लबाडी पत्त्यांत असते असे मला आता म्हणवत नाही. अण्णा हयात असते तर त्यांना हे पटले असते की नाही, सांगता येत नाही.

आठ वेळा न चुकता वीण घालून कॅट मूळ क्रमात आणणे मला सहा वर्षांनी साधले. आई त्याआधीच गेली होती. पहाटेची वेळ होती. आठवी वीण झाल्यावर पत्ते पसरले आणि ते एक्क्यापासून राजापर्यंत ओळीने आले. दाखवायला जवळ कोणी नव्हते. मी ते पुन्हा गोळा करून ठेवले आणि कॉलेजात गेलो. आजही दहा वेळा प्रयत्न केला तर आठ विणींची ही मालिका चारदा-पाचदाच पूर्ण होते. पन्नाशीनंतर बोटांना थोडा कंप आला आहे. वही चालू आहे.

ती विद्यार्थिनी मला पुढे भेटली, आणि ती याच इमारतीत, बालविभागाच्या दाराशी. रविवारी ती आपल्या मुलाला पुस्तके बदलायला घेऊन आली होती. तिने नमस्कार केला. मी ते जुने वाक्य काढले आणि तिची क्षमा मागितली. ती काही क्षण गप्प राहिली. "सर, ते वाक्य मी विसरले नाही," एवढेच ती म्हणाली. मग तिने मुलाच्या हातातले मराठी पुस्तक मला दाखवले आणि विचारले, "याच्यासाठी यानंतर कुठले घेऊ?" आम्ही तिघांनी मिळून कपाट धुंडाळले. मला क्षमा मिळाली की नाही, ते मी सांगू शकत नाही. पुस्तक मिळाले, एवढे खरे.

महाराजा सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालांना आणून या संस्थानात ग्रंथालयांची चळवळ उभी केली, तिच्यामागची दृष्टी हीच होती. पुस्तक राजवाड्यात राहू नये, ते वाटले जावे. त्याच हवेत आपले हे ग्रंथालय जन्मले. शंभर वर्षांत इथून किती ग्रंथांची देवघेव झाली, त्याची नोंद आपल्या वह्यांतून असेल. पण ज्याच्या घरी ती भाषा नाही, ते वाचन नाही, ती सवय नाही, अशा माणसाला आपण दारातून आत घेतले की नाही, आणि तो चुकला तेव्हा आपण त्याच्याशी कसे वागलो, याची नोंद कुठल्याच वहीत नसते. ती ज्याची त्याने ठेवायची असते.

आईने विचारलेला प्रश्न मी या निमित्ताने स्वतःलाही विचारतो, आणि आपल्या परवानगीने या संस्थेलाही विचारतो. नुसते पिसतच बसायचे, की वाटायचेही? शंभर वर्षे या ग्रंथालयाने वाटले. पुढची शंभर वर्षेही त्याने असेच वाटत राहावे, अशी इच्छा व्यक्त करतो.